कोल्हापुरात घराचा पाया घालताना: माती तपासण्यापासून जोते भरेपर्यंत

घर बांधायचे ठरले की ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे पाया किती फूट घ्यायचा. त्याचे उत्तरही बहुधा तयार असते: शेजाऱ्यांनी पाच फूट घेतला आहे, आपणही पाच फूट घेऊ. या उत्तरात गोम अशी की, कोल्हापूर आणि परिसरात जमीन फार थोड्या अंतरावर बदलते. पंचगंगेच्या काठाने कसबा बावडा, आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडे काळ्या मातीचे जाड थर आहेत. दक्षिणेला पाचगाव, आर. के. नगरच्या माळावर थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडीकडे गेले की तांबडी माती आणि जांभा सुरू होतो. शिवाय शहरात भराव घातलेल्या जागाही आहेत. आजचे गांधी मैदान हे पूर्वीचे वरुणतीर्थ तळे आणि कपिलतीर्थ मंडईच्या जागीही पूर्वी तळेच होते, हे जुन्या कोल्हापूरकरांना ठाऊक असते. त्यामुळे पायाची खोली शेजाऱ्याच्या घरावरून न ठरवता आपल्याच खड्ड्याच्या तळावरून ठरवावी, आणि तो तळ उघडा आहे तोवरच नीट पाहून घ्यावा. पुढील मजकूर तळमजला आणि वर एक-दोन मजले अशा काँक्रीटच्या फ्रेममधील कौटुंबिक घरासाठी आहे.

कागद आणि हद्द

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन या कागदांची छाननी घर बांधणाऱ्या बहुतेकांनी जागा घेतानाच केलेली असते, म्हणून त्यात फार शिरत नाही. एक गोष्ट मात्र सोडू नये, ती म्हणजे भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम करणारी मोजणी करून तिची ‘क’ प्रत हातात ठेवणे. कुंपणाची तार ही हद्द नव्हे. फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया, अर्धा फूट जरी शेजाऱ्याच्या जागेत गेला, तरी तो नंतर हलवता येत नाही.

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या निवासी बांधकामासाठी प्रक्रिया बरीच सोपी झाली आहे. परवानाधारक व्यक्तीने तयार केलेले नकाशे आणि शुल्क दाखल करून काम सुरू करता येते. तथापि याचा अर्थ सामासिक अंतरे, म्हणजे हद्द आणि घर यांमधील मोकळी जागा, सोडायची नाहीत असा होत नाही. नकाशात दाखवलेली अंतरे जागेवर आखणीच्या वेळीच तपासली जातात की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे.

पूररेषा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २००५ च्या महापुरानंतर अनेकांना वाटले होते की असा पूर पुन्हा येणार नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पाण्याने ५५ फुटांची पातळी ओलांडली आणि शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा भरवस्तीतही ते शिरले. म्हणून जागा नदी, जयंती नाला किंवा एखाद्या ओढ्याजवळ असेल तर पाटबंधारे विभागाच्या पूररेषा नकाशावर ती नेमकी कोठे येते हे आधी पाहावे. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा नव्या घरासाठी निषिद्ध समजावा. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर बांधकाम करता येते, त्यातील मुख्य अट अशी की जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या किमान ०.४५ मीटर वर असली पाहिजे. ही पातळी डोळ्यांच्या अंदाजाने ठरवता येत नाही. सर्वेक्षकाकडून ऑटो लेव्हल या पातळी मोजण्याच्या उपकरणाने ती जागेवर उतरवून घ्यावी आणि जवळच्या पक्क्या भिंतीवर रंगाने खूण करून ठेवावी.

माती तपासणे

घराच्या खर्चाच्या मानाने मातीची तपासणी अगदी किरकोळ रकमेत होते, आणि तरीही सर्वाधिक वेळा वगळली जाते ती हीच पायरी. लहान घरासाठी जागेच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत आणि मध्यभागी असे तीन चाचणी खड्डे, पायाच्या अपेक्षित खोलीपेक्षा थोडे खाली जाईपर्यंत घेतले तर जमिनीचे बरेचसे चित्र स्पष्ट होते. काळी माती खोल असेल, भराव असण्याची शंका असेल किंवा तीन मजले चढवायचे असतील, तर बोअर घेऊन त्यात ठोके मारून जमिनीचा घट्टपणा मोजणारी एसपीटी चाचणी करून घ्यावी. अहवालात दोन आकडे प्रामुख्याने पाहावेत: जमिनीची सुरक्षित धारणक्षमता, म्हणजे ती किती भार पेलते, आणि काळी माती असल्यास तिचा मुक्त फुगवटा.

धारणक्षमतेचा आकडा फूटिंगचा आकार ठरवतो. उदाहरणार्थ, एका कॉलमवर २५ टन भार येतो असे धरू आणि फूटिंगचे स्वतःचे वजन म्हणून त्यात दहा टक्के मिळवू, म्हणजे २७.५ टन झाले. जमीन चौरस मीटरला २० टन पेलत असेल तर १.३७५ चौरस मीटर क्षेत्र लागेल, म्हणजे साधारण १.२ मीटर बाजूचे चौरस फूटिंग पुरेल. तीच जमीन १० टनच पेलत असेल तर क्षेत्र २.७५ चौरस मीटर होते आणि बाजू सुमारे १.६६ मीटर, म्हणजे जवळपास साडेपाच फूट. ‘सगळी फूटिंगे चार बाय चार’ असे जेव्हा कोणी माती न पाहता सांगतो, तेव्हा तो पहिल्या जमिनीचा हिशेब दुसऱ्या जमिनीला लावत असतो.

काळ्या मातीचा प्रश्न केवळ धारणक्षमतेचा नाही. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये तिच्यात बोट जाईल अशा भेगा पडतात. घराखालची माती एका बाजूने भिजली आणि दुसऱ्या बाजूने कोरडी राहिली, की भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. प्रयोगशाळेतील फुगवट्याची चाचणी समजायला सोपी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओततात आणि चोवीस तासांनी दोन्हीकडील मातीची पातळी वाचतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तेथे १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर अशी नोंद आली तर फुगवटा ८० टक्के झाला. हा आकडा ५० टक्क्यांच्या आत असेल तर माती फारशी उपद्रवी नाही. त्यावर गेल्यास ती फुगणारी आहे असे गृहीत धरूनच आराखडा करावा.

अशा जागेत तीन मार्ग असतात. काळा थर पाच-सहा फुटांचाच असेल तर तो पूर्ण ओलांडून खालच्या मुरमावर फूटिंग ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग, आणि तो शक्य असताना दुसऱ्याच्या नादी लागू नये. थर त्याहून खोल असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, घेऊन त्यांवर बीम टाकतात. या बीमखाली थोडी पोकळी ठेवावी लागते, अन्यथा फुगलेली माती बीमच वर उचलते. तिसरा मार्ग म्हणजे फूटिंगच्या खाली आणि भोवती न फुगणाऱ्या मुरमाचा दाबून बसवलेला थर देणे किंवा संपूर्ण घराखाली राफ्ट, म्हणजे एकसलग काँक्रीटचा स्लॅब, घालणे. कोणता मार्ग घ्यायचा ते स्ट्रक्चरल अभियंत्याने ठरवावे, जेसीबीवाल्याने नव्हे.

आराखड्यात काय मागावे

स्ट्रक्चरल अभियंत्याकडून केवळ फूटिंगचा तक्ता न घेता कॉलमची आखणी, फूटिंगची पातळी, जोत्याच्या बीमचे तपशील आणि सळ्यांची यादी अशी पूर्ण चित्रे घ्यावीत. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. म्हणून कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली असावीत आणि कॉलमच्या टोकांजवळ रिंगा जवळजवळ असाव्यात, हे चित्रातच लिहून घ्यावे. येथे एका खटक्याच्या मुद्द्याचा उल्लेख करणे भाग आहे. भिंतीत लपावा म्हणून नऊ इंची कॉलम मागण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु २०१६ च्या आयएस १३९२० मध्ये कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच सांगितली आहे. खोलीच्या कोपऱ्यात तीन इंचांचा कोन बाहेर येतो हे खरे, पण तो कपाटामागे झाकता येतो.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागात मातीच्या भिंतींची घरे एकमेकांना खेटून उभी असतात. तेथे हद्दीवरच्या कॉलमचे फूटिंग मध्यावर घेता येत नाही. ते आतल्या फूटिंगशी बीमने जोडावे लागते किंवा दोन कॉलमना मिळून एक फूटिंग द्यावे लागते. शेजारच्या भिंतीच्या पायाखाली जाणारी सलग खोदाई तर कधीच करू नये. तुकड्या-तुकड्यांनी, एक सोडून एक अशी खोदाई करून लगेच काँक्रीट भरत जावे, आणि काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या समक्ष त्यांच्या भिंतींवरील जुन्या तड्यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.

मुहूर्त आणि आखणी

कोल्हापूरचा पावसाळा लक्षात घेता दिवाळीनंतर खोदाई आणि मे अखेरपूर्वी जोते पूर्ण, हा क्रम सोयीचा पडतो. तोपर्यंत जमिनीतील पाणीही खाली गेलेले असते. भूमिपूजन बहुतेक ठिकाणी ईशान्य कोपऱ्यात होते. पूजेचा खड्डा शक्यतो फूटिंगच्या जागेबाहेर घ्यावा आणि ते जमत नसेल तर कलश ठेवल्यानंतर तो मातीने न बुजवता कमी सिमेंटच्या साध्या काँक्रीटने भरून घ्यावा.

आखणी करताना आधी बाहेरच्या बाजूला, खोदाईपासून तीन-चार फूट दूर, लाकडी खुंट्या पक्क्या रोवाव्यात आणि त्यांवर कॉलमच्या मध्यरेषांच्या दोऱ्या ताणाव्यात, म्हणजे जेसीबीच्या धक्क्याने खुणा पुसल्या तरी रेषा पुन्हा मिळते. काटकोन तपासण्यासाठी तीन-चार-पाचची रीत वापरावी. घर ३० बाय ४० फुटांचे असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरले पाहिजेत. एक ५० फूट आणि दुसरा ५० फूट ४ इंच भरला तर ‘प्लॅस्टरमध्ये बसेल’ हे उत्तर स्वीकारू नये. कर्ण जुळल्यानंतरच फक्की मारावी.

खोदाई आणि खड्ड्याचा तळ

जेसीबीने खोदाई करायला हरकत नाही, मात्र शेवटचे सहा इंच माणसांकडून टिकाव-फावड्याने काढावेत, कारण बकेटच्या दातांनी तळाची माती उकरली जाते आणि वरून ती घट्ट असल्यासारखी भासते. निघालेला मुरूम आणि काळी माती यांचे ढीग वेगवेगळे ठेवावेत. मुरूम जोत्यात भरायला उपयोगी पडतो, काळी माती जागेवरून उचलून न्यावी.

यानंतर अभियंत्याला खड्ड्यात उतरायला लावावे. वरून वाकून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. प्रत्येक खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पहार मारून पाहावी. मुरमावर पहार एक-दोन इंच जाऊन अडते आणि हाताला झणका बसतो. काळ्या मातीत ती दबकत खाली जाते. भरावात ती सहज घुसते आणि वर काढल्यावर तिच्या टोकाला विटांचा चुरा, कोळसा, प्लॅस्टिक असे काही लागलेले दिसते. आपल्याकडील काळा पाषाण झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आणि मधले गोलसर गोटे तसेच राहतात. त्यामुळे ‘पाषाण लागला’ असे सांगितले जाते तेथे प्रत्यक्षात मुरमात अडकलेला एक सुटा गोटा असू शकतो. घण मारून आवाज ऐकावा, गोट्याची कड मोकळी करून पाहावी आणि तो सुटा असेल तर काढून टाकावा. एक कॉलम गोट्यावर आणि शेजारचा मुरमावर राहिला तर दोन्ही सारखे बसत नाहीत. पाचगावसारख्या उताराच्या जागेवर तर अर्धे घर कापलेल्या खडकावर आणि अर्धे त्याच खडकाच्या भरावावर येण्याचा धोका नेहमीचा आहे. तेथे खालच्या बाजूची फूटिंगे भराव ओलांडून मूळ जमिनीपर्यंत न्यावीच लागतात.

एखादा खड्डा गरजेपेक्षा जास्त खोल गेला तर तो माती किंवा मुरूम टाकून वर आणू नये, कमी सिमेंटच्या साध्या काँक्रीटने भरून काढावा. अवकाळी पावसाचे किंवा पाझराचे पाणी साचले असेल तर ते उपसून, भिजून मऊ झालेला थर खरवडून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. काळ्या मातीतील खड्डा तर ज्या दिवशी तयार होईल त्याच दिवशी पीसीसीने, म्हणजे सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटच्या थराने, झाकावा, कारण दोन दिवस उन्हात राहिला की तळालाच भेगा पडू लागतात. तपासणी झाली की पट्टी ठेवून प्रत्येक खड्ड्याचे छायाचित्र काढावे आणि त्यावर कॉलमचा क्रमांक यावा अशी पाटी ठेवावी.

पीसीसी चार इंच जाडीची, १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाची पुरते. तिची पातळी मात्र ट्यूब लेव्हलने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तपासून घ्यावी.

सळ्या आणि काँक्रीट

फूटिंगची जाळी पीसीसीवर थेट टेकू देऊ नये. आयएस ४५६ नुसार फूटिंगमध्ये सळीभोवती ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण लागते, त्यासाठी त्याच जाडीचे कव्हर ब्लॉक ठेवावेत. खडीचे किंवा फरशीचे तुकडे ठेवण्याची पद्धत सर्रास आहे, पण काँक्रीट हलवून दाटवणारा व्हायब्रेटर लावला की ते सरकतात आणि जाळी खाली बसते. कॉलमच्या सळ्या जाळीवर आडव्या पायांनी नीट टेकवून, रिंगा फूटिंगच्या आतही चालू ठेवून, वर दोरीच्या मध्यरेषेशी ओळंब्यात बांधाव्यात. येथे अर्धा इंच सरकलेला कॉलम पहिल्या मजल्यावर कधीच आपल्या जागी येत नाही.

जमिनीत गाडल्या जाणाऱ्या लोखंडी काँक्रीटसाठी आयएस ४५६ मध्ये किमान एम-२५, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब पेलणारे काँक्रीट, सांगितले आहे आणि पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.५० च्या वर जाऊ नये असेही म्हटले आहे. ५० किलोच्या एका पोत्याला एकूण २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नको, हा त्याचा सरळ अर्थ. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ओली असेल तर तिच्यातील पाणीही यात धरावे लागते. हा आकडा ठेकेदाराला सांगितला की ‘माल चालणार नाही’ असे उत्तर येते. माल सरकण्यासाठी प्लॅस्टिसायझर मिळतो. पाणी वाढवून ताकद घालवण्याचे काही कारण नाही. एम-२५ हे घमेल्यांच्या अंदाजाने नव्हे, तर प्रयोगशाळेतून मिश्रण आखून करायचे असते, म्हणून शक्य असल्यास तयार काँक्रीट मागवावे. बारा फूटिंगे प्रत्येकी पाच बाय पाच फूट आणि सव्वा फूट जाडीची असतील तर ३७५ घनफूट, म्हणजे सुमारे १०.६ घनमीटर काँक्रीट लागते. सहा घनमीटरच्या दोन गाड्यांत ते एका दिवसात होते. पेठेच्या बोळात गाडी जात नसेल तर मिक्सर लावावा, मात्र माल मोजपेटीनेच घ्यावा.

काँक्रीट भरताना मालकाने किंवा त्याच्या विश्वासातील कोणी जाणत्याने जागेवर थांबावे. पाहायचे ते एवढेच: पाइपने मनाला येईल तसे पाणी ओतले जात नाही ना, एक फूटिंग अर्धे सोडून जेवणाची सुट्टी होत नाही ना, आणि व्हायब्रेटरची सुई जाळीला घासत न ठेवता सरळ बुडवून सावकाश वर घेतली जाते ना. याच मालातून चाचणीसाठी १५० मिलिमीटर बाजूचे घन (ठोकळे) भरून घ्यावेत. सात दिवसांची चाचणी अंदाज देते, निकाल २८ दिवसांचाच. एम-२५ साठी एका घनाने साधारण ५६२ किलोन्यूटन भार पेलला पाहिजे.

पाणी मारणे हे काम वॉचमनवर सोपवून विसरण्यासारखे नाही. आपल्याकडे बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले, असते, त्यासाठी किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे. फूटिंगवर पाणी साचवता येते, पण उभे कॉलम मात्र गोणपाट गुंडाळून दिवसातून अनेकदा भिजवावे लागतात.

भराई आणि जोते

फूटिंगभोवतीची आणि जोत्यातील भराई मुरमाने, सहा ते आठ इंचांच्या थरांत, प्रत्येक थर ओला करून आणि धुमसून करावी. चार फूट भराव एकदम ओतून वरून पाणी सोडण्याची पद्धत पुढे आतल्या फरश्या खचण्याचे मुख्य कारण आहे. खाली काळी माती असेल तर मात्र पाणी भरमसाट सोडू नये, बेताच्या ओलाव्यावर प्लेट कॉम्पॅक्टर हे माती दाबणारे यंत्र फिरवावे. भराईच्या आतून जाणारे सांडपाण्याचे पाइप याच वेळी उतारासह टाकून, पाणी भरून गळती तपासून मगच झाकावेत.

वाळवीप्रतिबंधक फवारणीची योग्य वेळ सोलिंगपूर्वीची, म्हणजे जोत्याच्या भराईवर दगडांचा थर देण्यापूर्वीची, असते. क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी वापरत असल्यास एक भाग औषधाला १९ भाग पाणी घेऊन एक टक्क्याचे द्रावण होते. सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला पाच लिटर द्रावण लागते. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर ही फवारणी करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

जोत्याची उंची ठरवताना आजचा रस्ता पाहून चालत नाही. डांबराचे थर चढत जाऊन रस्ता उंच होतो आणि वीस वर्षांनी पावसाचे पाणी अंगणात वळते, हे शहरातील अनेक जुन्या घरांत दिसते. पूररेषेची अट लागू नसली तरी रस्त्याच्या मध्यापासून किमान दोन ते अडीच फूट जोते ठेवावे आणि घराभोवती बाहेर उतार असलेला तीन फुटी पक्का पट्टा करावा. काळ्या मातीत हा पट्टा शोभेचा नसून आवश्यक आहे, कारण पायाजवळची ओल वर्षभर सारखी ठेवण्याचे काम तोच करतो. त्याच कारणासाठी मोठी झाडे आणि शोषखड्डा पायापासून दूर घ्यावा.

जोत्याचे बीम आणि पीसीसी झाली की भिंती चढवण्यापूर्वी जोते तपासणीचा दाखला घ्यावा. नकाशातील मोजमापे आणि जागेवरील मोजमापे यांत फरक निघालाच तर तो या टप्प्यावर दुरुस्त होऊ शकतो. दाखल्यासोबत मातीचा अहवाल, घनांच्या चाचणीचे निकाल, सिमेंट-लोखंडाची बिले आणि कॉलमच्या क्रमांकासह काढलेली खड्ड्यांची छायाचित्रे एकाच फाइलमध्ये लावून ठेवावीत. पुढे कधी वरचा मजला चढवायचा झाला तर अभियंता सर्वांत आधी हीच फाइल मागतो.